हरण्याची कमाई

भैरू आबांचा बैल हरण्या रोज पहाटे गोठ्यातून एकटाच बाहेर पडायचा आणि कंपन्यांच्या बसगाड्यांपुढून, कुणाची भीडभाड न ठेवता, रस्त्याच्या मधोमध चालू लागायचा. मागे बसवाले हॉर्न बडवायचे, स्कूटरवाले कडेने वाट काढता काढता शिव्या द्यायचे, पण हरण्याची चाल काही बदलायची नाही. हिंजवडीच्या जुन्या घरांपासून निघून तो थेट चिंचेच्या वावरापर्यंत जायचा. आता तिथे चिंचही नव्हती आणि वावरही नव्हते. काचेची एक टोलेजंग कंपनी उभी होती. तिच्या फाटकापाशी हरण्या थोडा वेळ थांबायचा आणि आल्या वाटेने माघारी फिरायचा. ऊन चढायच्या आत गोठ्यात हजर.

फाटकावरचा वैजनाथ नावाचा रखवालदार लातूरकडचा. तो हसून म्हणायचा, "आला बघा पहिल्या शिफ्टचा कामगार." ही गोष्ट आबांना सूनबाईकडून कळलेली. आबा स्वतः त्या वाटेला कधी गेले नव्हते. जमीन विकली, कागदावर अंगठा टेकवला, त्या दिवसापासून चिंचेच्या वावराकडे त्यांनी पाठ केली ती केलीच. पुढे गुडघेही गेले. जनावराला पाय मोकळे करायची सवय असते, जात असेल बापडा, असे ते म्हणायचे.

हरण्याचा जोडीदार शिंग्या जमिनीपाठोपाठ गेला. त्यानंतर हरण्याच्या मानेवर जू म्हणून चढले नाही. तरी आबा त्याला रोज खरारा करायचे, शिंगांना तेल लावायचे, त्याच्याशी बोलायचे. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात बोलायला माणसे होती, पण बैलाशी जे बोलता येते ते माणसाशी थोडेच बोलता येते?

आबांचा मुलगा रणजित. जमिनीच्या पैशातून त्याने घरामागे तीन मजली होस्टेल बांधले होते. कंपन्यांतली पोरे तिथे राहायची आणि त्यांच्या मोटारसायकली रस्त्यावर लागायच्या. रोज कुणाचे ना कुणाचे भांडण. गेल्या पोळ्याच्या संध्याकाळी रणजितने विषय काढला.

"आबा, गोठा काढावा लागंल. गाड्या लावायला जागाच न्हाई."

"आन् हरण्या?"

"मुळशीच्या वरल्या अंगाचा भीमराव मागतोय की. त्याचा उजवा बैल मेलाय. डावा नुसता दावणीला उभा हाय. चांगल्या घरी जाईल आपला हरण्या."

"हरण्या कुणाच्या घरी जात न्हाई. मी हाय तवर त्यो हितंच."

रणजित हसला. पोरगा वाईट नव्हता, पण जिभेला धार होती. "बरं तर मग. वर ऱ्हाणारी पोरं भाडं देत्यात, तसं त्यानंबी द्यावं. फुडल्या पोळ्यापर्यंत हरण्यानं वर्षाची वैरण कमवून दावली, तर गोठ्याच्या पत्र्याला हात लावणार न्हाई. शब्द हाय माझा!"

तो चेष्टेत बोलला आणि विसरून गेला. आबा विसरले नाहीत.

रणजितची बायको पूर्णिमा होस्टेलचे सगळे बघायची. सासऱ्याला डॉक्टरांनी थोडे थोडे चाला म्हणून सांगितले, तेव्हा तिने आपला जुना मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यात चालण्याचे एक ॲप घालून दिले. नाव आबांचे, आधार कार्ड आबांचे, बँकेचे खातेही आबांचेच.

"मामंजी, हा खिशात ठेवायचा आणि चालायचं. चाललात की यात नाणी पडतात. मी संध्याकाळी चालते ना, मलाही पडतात."

"कसली नाणी?"

"क्रिप्टो म्हणतात. हातात धरता येत नाहीत. पण बाजारात त्यांना भाव असतो, विकली की खऱ्या पैशात खात्यावर येतात."

आबा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि गुडघा धरून किराणा दुकानाच्या पायरीवर बसले. मोबाईलवर एक इवलेसे नाणे पडले. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग घरी येऊन त्यांनी हरण्याच्या गळ्यातला काळ्या लोकरीचा कंडा सोडला, त्याला धडप्याची पिशवी बांधली आणि पहाटे हरण्या निघाला तेव्हा मोबाईल त्या पिशवीत घातला.

पूर्णिमाच्या ध्यानात यायला थोडे दिवस गेले. एका सकाळी ती मोबाईल हातात घेऊन पायरीपाशी उभी राहिली.

"मामंजी, काल पहाटे तुम्ही कंपनीपर्यंत चालत गेलात? आणि परवाही? की झोपेत जाता?"

तिने गोठ्याकडे पाहिले. कंड्याची पिशवी पाहिली. आणि पायरीवर बसून पदर तोंडाला लावून इतकी हसली की वरच्या मजल्यावरून पोरे डोकावली.

"अहो, हे माणसांसाठी आहे!"

"का बरं? आपल्या औतानं मी दुसऱ्याची वावरं नांगरली. मजुरी मी घेतली. तवा कुणी इचारलं न्हाई, बैल चालला का तू चाललास म्हणून. बैलाचं चालणं आन् मालकाचं चालणं येकच असतंय, पोरी."

दुपारी तिने जुन्या रेनकोटाची जाड पिशवी शिवून दिली. "धडप्यात भिजेल," एवढेच म्हणाली. रणजितला दोघांनीही सांगितले नाही.

वर्षभर हरण्या चालला. थंडीत चालला, उन्हाळ्यात चालला, चिखलातून चालला. त्याच्या शिंगांजवळ हात घालून मोबाईल काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. आला की आबा पिशवी उघडायचे, चष्मा लावायचे आणि हरण्याला दाखवायचे. "बघ, आज एवढी. चंगळ हाय तुझी." हरण्या मोबाईल हुंगायचा आणि पेंडीकडे वळायचा.

भादवी पोळा जवळ आला. होस्टेलच्या वरच्या मजल्यावर अभिनव नावाचा इंजिनीअर राहायचा, त्याला असल्या नाण्यांची माहिती होती. पूर्णिमाने त्याला खाली बोलावले. त्याने मोबाईल चाळला आणि भुवया उंचावल्या.

"आजोबा, भारी! भाव पण चढलाय सध्या. आत्ता विकलं तर टॅक्स जाऊनसुद्धा चांगली रक्कम येईल."

"वर्षाची वैरण निघंल का?"

अभिनवने वैरणीचा भाव विचारून हिशेब केला. "आरामात निघेल."

आबांनी गोठ्याकडे पाहून मान हलवली. जणू हरण्यानेच विचारले होते.

"पण हे असं लगेच नाही येत हातात," अभिनव म्हणाला. "ॲपमधून आधी वॉलेटमध्ये, वॉलेटमधून एक्स्चेंजवर, तिथे विकायचं, मग बँकेत."

"म्हंजी माल पोत्यात भरलाय, मार्केट यार्डात आडत्याकडं न्यायचा ऱ्हायलाय."

"एकदम करेक्ट! फक्त हा आडत्या आधी विचारतो, माल तुमच्याच शेतातला का?"

ते विचारणे असे होते. लोकांनी पंख्याला मोबाईल बांधून, कुत्र्याच्या गळ्यात घालून नाणी गोळा केली होती, म्हणून ॲपने नवा नियम काढला होता. नाणी बाहेर काढायची तर मालकाने आपला चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून थोडे अंतर चालून दाखवायचे. वर्षभराच्या चालीशी ती चाल जुळली, तर दार उघडणार. तीनदा जुळली नाही, तर सगळी नाणी बाद.

पूर्णिमाचा चेहरा उतरला. आबा मात्र काठी घेऊन उठले. "चालतो की. त्यात काय."

होस्टेलच्या बोळातून ते चालले. एक पाय ओढत, दात ओठांत रुतवून, चेहऱ्यापुढे मोबाईल धरून. टोकाला पोचले तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. अभिनवने पडदा पाहिला. चाल जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी काठीशिवाय चालले. बोळाच्या मध्यावर गुडघा वाकला, पूर्णिमाने धावत जाऊन सावरले. चाल जुळत नाही.

"लिही त्यांना," आबा अभिनवला म्हणाले. "खरं लिही. बैलानं कमावलंय म्हणावं. फसवलं न्हाई कुणाला. जेवढं चालला तेवढंच दावलंय."

"आजोबा, नियमात माणूसच पाहिजे." अभिनवला वाईट वाटत होते. "बैल चालत नाही त्यांना."

"बैल चालत न्हाई," आबा स्वतःशीच म्हणाले. "चालला तर त्योच की."

युक्ती पूर्णिमाला सुचली. मोबाईल हरण्याच्या कंड्यालाच बांधायचा, पण कॅमेरा बाहेर काढून. आबांनी त्याच्या खांद्याला खांदा लावून चालायचे, तोंड कॅमेऱ्यापुढे. चाल हरण्याची, चेहरा आबांचा.

"पण वाट त्याचीच धरायला हवी," ती म्हणाली. "म्हणजे मामंजी, तुम्हाला कंपनीपर्यंत जावं लागेल."

आबांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "जाऊ."

पोळ्याच्या आदल्या दिवसाची पहाट. आबांनी धुतलेला शर्ट घातला, मुंडासे बांधले. आवाज ऐकून रणजित बाहेर आला. बापाला बैलाच्या गळ्याशी मोबाईल बांधताना पाहून तो चक्रावला. पूर्णिमाने त्याला एका बाजूला घेऊन सगळे सांगितले, वर्षभराचे. गेल्या पोळ्याला आपण काय बोललो होतो ते त्याला तेव्हा आठवले. तो आधी हसायला गेला, पण हसू आले नाही. त्याने निमूटपणे मोटारसायकल काढली, पूर्णिमाला मागे बसवले आणि मागून येणाऱ्या बसगाड्यांना हात दाखवत हळूहळू मागे निघाला.

आबा हरण्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले. हात त्याच्या वशिंडावर ठेवला. डावी बाजू शिंग्याची. जोडी चालायची तेव्हा हरण्या उजव्या अंगाला असायचा, शिंग्या डाव्या. आबांच्या ते मनातही नव्हते, पण हरण्याच्या मनात आले असावे. त्याने कान टवकारले, मान आबांकडे वळवून एकदा हुंगले आणि पाऊल उचलले.

एरवी तो ऐटीत, लांब ढांगा टाकत जायचा. आज त्याने तसे केले नाही. आबांचा दुखरा पाय मागे राहिला की हरण्या थबकायचा. आबांनी पाऊल टाकले की टाकायचा. आबा हळू आवाजात म्हणत होते, "चल की रं, तुझ्या चालीनं चल, माझं बघू नगंस." पण जोडीदाराला मागे टाकून पुढे जायचे नाही, हे त्याला आबांनीच शिकवले होते. खोंड होता तेव्हा, याच वाटेवर, शिंग्याच्या शेजारी जुंपून.

बसची खिडकी उघडून एक पोरगी फोटो काढत होती. बसवाल्याने आज हॉर्न दिला नाही.

वळण गेले, मोठा चौक गेला. आणि काच दिसली. आबांनी खाली बघायचे ठरवले होते, पण मान वर झालीच. चिंच होती तिथे रखवालदाराची खोली होती. बांध होता तिथे फाटक. फाटकाच्या खांबाला एक छोटा गणपती बसवलेला, त्याला जास्वंदीचे फूल वाहिलेले.

"आला पहिल्या शिफ्टचा कामगार!" वैजनाथ खोलीतून बाहेर आला. "आन् आज मालक संगं? या बाबा, या. लई गुणी बैल हाय तुमचा. रोज येतो, गणपतीपुढं मान खाली घालून उभा ऱ्हातो. आम्ही म्हणतो, एवढी भक्ती तर साहेब लोकांतबी न्हाई."

हरण्या फाटकापुढे थांबला. त्याने पुढचे पाय जुळवले आणि मान खाली घातली. गणपती त्याच्या एका बाजूला राहिला होता. मान फाटकाच्या आतल्या अंगाला होती, जिथून चिंचेच्या वावरात नांगराचा पहिला तास सुरू व्हायचा. मान पुढे ताणलेली, वशिंड सैल सोडलेले, डोळे अर्धे मिटलेले.

आबांनी ते पाहिले मात्र, त्यांचा हात वशिंडावरून गळून पडला.

जू चढवून घ्यायला बैल जशी मान देतो तशी हरण्याने मान दिली होती. रोज देत होता. रोज पहाटे कामाच्या वेळेला तो कामावर येत होता, मान खाली घालून वाट बघत होता, आणि कुणी जू घेऊन येत नाही असे दिसले की माघारी जात होता. आणि तिकडे आपण पायरीवर बसून म्हणत होतो, पाय मोकळे करायला जात असेल.

"व्हय रं," आबा म्हणाले. "व्हय रं बाबा. औत न्हाई रं आणलं मी. जू न्हाई माझ्याजवळ."

हरण्याने मान आणखी खाली घातली. आज मालक शेजारी होता. आज तो हलायला तयार नव्हता. आबांनी माघारी फिरायची हाक दिली, वैजनाथने पावाचा तुकडा पुढे केला, मागे बसगाड्यांची रांग लागली. हरण्या जागचा हलला नाही. कंड्याशी बांधलेला मोबाईल एकदा थरथरला. पूर्णिमाने वाकून पडदा पाहिला. चाल जुळत नाही, तिसऱ्यांदा. तिने मोबाईल सोडून आपल्या मुठीत घेतला. आबांनी विचारले नाही.

शेवटी रणजितने मोटारसायकल कडेला लावली. तो येऊन बैलाच्या उजव्या बाजूला उभा राहिला, बाप डाव्या बाजूला. दोघांनी मिळून हरण्याला फिरवले. फिरवताना रणजितचे डोळे लाल झाले होते. लहानपणी याच वावरात तो औतावर बसून डुलक्या घ्यायचा.

घरी आल्यावर तो बापासमोर उकिडवा बसला. "आबा, ऱ्हाऊ द्या गोठा. मी गाड्यांचं दुसरीकडं बघतो. पैशाचं काय एवढं? वैरण मी घालतो हरण्याला, जन्मभर."

हेच ऐकण्यासाठी आबांनी वर्षभर नाणी गोळा केली होती. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"भीमरावाला फोन लाव," ते म्हणाले.

"आबा!"

"त्याला वैरण नगं हाय रं. वैरण म्या घातलीच की आजवर. त्याला काम पायजे. अजून चार हंगाम ओढील त्यो. अन् मी त्याला धरून ठिवलाय, मला करमत न्हाई म्हणून."

त्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. हळद आणि लोणी घेऊन आबांनी हरण्याची मान चोळली. जिथे पूर्वी जुवाचा घट्टा असायचा, हाताला दगडासारखा लागायचा, तिथली कातडी वासराच्या कानासारखी मऊ पडली होती. आबा तिथे पुन्हा पुन्हा चोळत राहिले. पूर्णिमा पितळीत लोणी घेऊन शेजारी उभी होती. "दुखेल का हो त्याला, मामंजी, जू चढल्यावर?" तिने विचारले.

"दुखंल थोडे दिस," आबा म्हणाले. "मग घट्टा पडंल."

दुसऱ्या दिवशी पोळा. शिंगे रंगवली, अंगावर झूल घातली. आसपासच्या सोसायट्यांतली बायका-पोरे बैल बघायला आली, त्यांनी हरण्याबरोबर फोटो काढले. अभिनवने आबांना सांगितले, ॲपच्या कंपनीला त्याने दोनदा लिहिले होते, उत्तर आले नाही. आबा म्हणाले, "जाऊ दे लेका. हरण्याचंच व्हतं, हरण्यालाबी नगं व्हतं." आणि त्याच्या हातावर पुरणपोळी ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भीमराव टेम्पो घेऊन आला. टेम्पोला फळी लावली, पण हरण्या चढेना. भीमरावने ओढले, रणजितने मागून रेटले. चारही पाय रोवून तो उभा.

"सरा," आबा म्हणाले. काठी बाजूला टाकून ते हरण्याच्या डाव्या बाजूला गेले. वशिंडावर हात ठेवला आणि फळीवर पाऊल टाकले. गुडघ्यातून कळ गेली. हरण्या थांबला, आबांनी दुसरे पाऊल टाकायची वाट बघितली, मग आपले टाकले. असे दोघे एकेक पाऊल वर चढले. कामावर निघाल्यासारखा चढला तो, खुशीत.

वर पोचल्यावर आबांनी दावे बांधले, गळ्यातला कंडा सारखा केला. आणि मागे न बघता खाली उतरले. टेम्पोचे दार लागले तेव्हा हरण्या डावीकडे मान वळवून जागा हुंगत होता.

टेम्पो पौडच्या रस्त्याला लागेपर्यंत आबा पायरीवर उभे राहिले. रणजितने बसा म्हटले तरी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्णिमाला गोठ्याची कडी वाजल्यासारखी वाटली. ती बाहेर आली तर पायरी रिकामी, काठी नाही, आबा नाहीत. ती धावत रस्त्यावर गेली. वळणावर बसगाड्यांचे दिवे दिसत होते, आणि त्यांच्या उजेडात एक म्हातारा रस्त्याच्या कडेने पाय ओढत चालला होता. हाक मारायला तिने तोंड उघडले आणि मिटले. ती मागे मागे चालत राहिली.

कंपनीच्या फाटकापाशी आबा पोचले तेव्हा चांगलेच उजाडले होते. वैजनाथ चहाचा कप घेऊन खोलीच्या दारात उभा होता.

"काय बाबा," तो हसत म्हणाला, "एकटेच? तुमचा कामगार आज रजेवर का?"

आबा फाटकाच्या आत बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मुंडासे काढून हातात घेतले.

"बदली झाली त्याची," ते म्हणाले. "तेच सांगाया आलोय. वाट बघू नगा म्हणावं."

वैजनाथला कळेना की हे आपल्याला सांगितले की आणखी कुणाला. त्याने फाटकाच्या आत वळून पाहिले. तिथे कुणीच नव्हते. नुकत्याच धुतलेल्या फरश्या ओल्या होत्या, एवढेच.